बँकेचा नफा नेमका कुणाचा?

सप्टेंबर लागला की आमच्या कोल्हापुरात सभांचा मोसम सुरू होतो. सहकारी संस्थांनी मार्च एंडनंतर सहा महिन्यांच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असा कायदाच आहे, आणि आपल्या जिल्ह्यात संस्था तरी किती, गावागावात दूध संस्था, विकास सोसायटी, पतसंस्था, शहरात अर्बन बँका म्हणजे शहरातल्या सहकारी बँका, साखर कारखाने तर वेगळेच. त्यामुळं 30 तारखेपर्यंत शहरातला कुठला हॉल मोकळा सापडत नाही, आणि एका माणसाच्या खिशात चार-चार सभांच्या नोटिसा असतात.

अशाच एका बँकेच्या सभेत मी मागं बसलो होतो. ताळेबंद वाचून झाला, नफ्याचा आकडा सांगितला, टाळ्या झाल्या, आणि मधल्या रांगेतनं एक काका उठले, टोपी सारखी करत म्हणाले, "साहेब, ही बँक सभासदांची म्हणताय न्हवं? मग आमच्याकडनंच जादा व्याज घ्यायचं आणि आमालाच नफा दावायचा, हे कसलं? नफा नको आमाला. व्याज कमी करा की." हॉलमध्ये परत टाळ्या, पहिल्यापेक्षा जोरात. चेअरमन म्हणाले, "काका, नफा नाही झाला तर बँक चालायची कशी?" आणि मागनं "मंजूर, मंजूर" असा आवाज झाला आणि पुढचा विषय सुरू.

मला ते पटलं नाही. म्हणजे चेअरमनांचं उत्तर चूक होतं असं नाही, पण काकांचा प्रश्न इतका मोलाचा होता की त्याच्यावर अर्धा तास तरी बोलायला पाहिजे होतं. मी बरीच वर्षं संस्थांच्या ऑडिटच्या कामात आहे, नफा-तोटा पत्रकं बघण्यात माझा दिवस जातो, आणि बँक नफ्यासाठी असते का सेवेसाठी हा प्रश्न मला ओळखीतले लोक सारखे विचारतात. कॉमर्सची पोरं विचारतात, उद्यमनगरातले फौंड्रीवाले विचारतात, आमच्या मावशीसुद्धा विचारतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिलं सरळ उत्तर. आपल्या देशात लोकांच्या ठेवी घेणारी जी जी बँक आहे ती नफा कमवायचं ठरवूनच चालते. देणगीवर चालणारी, ट्रस्टसारखी बँक आपल्याकडं नाही. खासगी बँक ही कंपनी, तिचे मालक शेअरहोल्डर, तिथं काय प्रश्नच नाही. पण सरकारी बँक सुद्धा नफा कमावते हे बऱ्याच लोकांना पटत नाही, त्यांना वाटतं सरकारी म्हणजे रेशन दुकानासारखं काहीतरी असणार. स्टेट बँकेचा 2024-25 चा निव्वळ नफा 70,901 कोटी रुपये होता. त्या वर्षीचा डिव्हिडंड म्हणून सरकारला 8,076 कोटींचा चेक गेला. आणि सहकारी बँक पण नफा कमावते, त्यावर इन्कम टॅक्स पण भरते. पूर्वी सहकारी बँकांना इन्कम टॅक्स कायद्याच्या 80पी कलमाखाली टॅक्स माफ होता, तो 2006 च्या बजेटमध्ये काढला. सरकारच्या दृष्टीनं तेव्हापासून सहकारी बँक आणि दुसरी कुठली बँक यात नफ्याच्या बाबतीत फरक राहिला नाही. पतसंस्थांना आणि गावच्या सोसायट्यांना मात्र ती सवलत अजून आहे.

रिझर्व्ह बँकेचं उदाहरण तर सगळ्यात विचार करायला लावणारं. ती नफ्यासाठी काढलेली संस्था नाही, पैशाची स्थिरता राखणं हे तिचं काम. 1935 ला सुरू झाली तेव्हा तिचे मालक खासगी शेअरहोल्डर होते, 1 जानेवारी 1949 ला ती सरकारची झाली. आणि 2024-25 साठी तिनं केंद्र सरकारला किती पैसे दिले माहितीय? 2,68,590 कोटी. म्हणजे जी बँक नफ्यासाठी चालतच नाही तिच्याकडं सगळ्यात जास्त शिल्लक पडली. तेव्हा नफा होतो की नाही एवढ्यावरनं बँक कसली आहे ते ओळखता येत नाही. ती शिल्लक कुणाकडं जाते, आणि ते कोण ठरवतं, हे बघायला लागतं. मला एवढंच सांगायचंय या लेखात, पण ते सांगायला थोडं आत शिरायला पाहिजे.

शंभर रुपयाचा हिशोब मांडतो, आकडे समजायला सोपे म्हणून घेतलेत. तुम्ही बँकेत 100 रुपये ठेव ठेवली 7 टक्क्यानं. त्यातले 3 रुपये रिझर्व्ह बँकेकडं रोख ठेवायचे, त्याला सीआरआर म्हणतात, त्यावर बँकेला एक पैसा व्याज मिळत नाही. 18 रुपये सरकारी रोख्यात वगैरे अडकवायचे, तो एसएलआर. उरलेल्यातनं कर्जवाटप, समजा 10 टक्क्यानं. तर वरवर 7 ला घेऊन 10 ला दिले म्हणजे 3 रुपये सुटले असं दिसतं, पण ते पूर्ण शंभरावर सुटत नाहीत, आणि जे सुटतात त्यातनं पगार, शाखेचं भाडं, कोअर बँकिंगचं सॉफ्टवेअर, एटीएम, ऑडिट फी, ठेव विम्याचा हप्ता, आणि सगळ्यात मोठं म्हणजे बुडीत कर्जाची तरतूद. कर्जाचा हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए म्हणजे थकीत धरायचं, त्याचं व्याज उत्पन्नात धरायचं नाही आणि वर आपल्या नफ्यातनं तरतूद करून ठेवायची. हे सगळं जाऊन जे उरेल तो नफा. स्टेट बँकेचे 70 हजार कोटी ऐकून डोळे पांढरे होतात, पण तिची एकूण मालमत्ता 66 लाख कोटींच्या वर आहे, म्हणजे शंभर रुपयामागं एक रुपया आणि पाच-सहा पैसे. एवढ्या मोठ्या बँकेचं हे, तर आमच्या अर्बन बँकेला काय उरत असेल बघा.

आणि हा जो रुपया उरतो तो फक्त कुणाच्या तरी खिशात घालायला नसतो. हे मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायचंय. बँकेचं स्वतःचं भांडवल फार थोडं असतं, बाकी सगळा पैसा ठेवीदारांचा. उद्या शंभरातली पाच कर्जं बुडाली तर तोटा पहिल्यांदा कुणी सोसायचा? भांडवल आणि राखीव निधीनं. ते संपलं की मग ठेवीदाराच्या पैशाला हात लागतो. खासगी बँक बाजारात जाऊन नवे शेअर विकून भांडवल आणू शकते, सरकारी बँकेत सरकार पैसे घालतं, आपण बघितलंच आहे. सहकारी बँकेला हे दोन्ही रस्ते सहजासहजी मोकळे नाहीत. तिचं भांडवल वाढायचं तर मुख्य मार्ग दोनच, सभासदांचे शेअर्स आणि दरवर्षी नफ्यातनं राखीव निधीला टाकलेली रक्कम. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्यात म्हटलंय की निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला गेलाच पाहिजे. काकांचं ऐकून बँकेनं नफा शून्यावर आणला असता तर हा चौथा हिस्सा पण शून्य झाला असता, आणि पुढच्या वाईट वर्षी मार ठेवीदारानं खाल्ला असता.

पण मग काका चुकले का? अजिबात नाही. कारण त्यांनी जे विचारलं ते सहकाराच्या मुळाशी जाणारं आहे.

थोडं मागं जातो. 1875 ला पुणे आणि नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जरोखे जाळले, सुप्यापासनं सुरुवात झाली, ते दंगे इतिहासात शिकवतात. व्याजानं पिचलेला कुणबी आणि त्याची जमीन सावकाराच्या नावावर, हे सगळीकडं होतं, संस्थानात पण होतं. त्याच्यावर उपाय शोधताना इंग्रज सरकारनं जर्मनीतल्या रायफायझनच्या पतपेढ्यांचा अभ्यास केला, आणि 1904 ला सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. त्या कायद्यात एक गोष्ट अशी होती जी आज कुणाला आठवत नाही. खेड्यातल्या संस्थेनं नफा वाटायचाच नाही, सगळा राखीव निधीत टाकायचा, निधी पुरेसा मोठा होईपर्यंत. शहरातल्या संस्थेनं चौथा हिस्सा निधीला टाकून बाकीचा वाटला तरी चालेल. म्हणजे आपल्याकडची गावची पहिली सोसायटी ही खऱ्या अर्थानं ना-नफा संस्था होती, कायद्यानंच. आणि आज अर्बन बँकेच्या अहवालात जो 25 टक्के राखीव निधी दिसतो, त्याची वहिवाट तिथनं आलीय.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सहकाराचा कायदा आणला, गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरीची पेठ त्याच्या आधीच वसवली होती, आणि आपली कोल्हापूर अर्बन बँक महाराजांच्या हयातीतच उभी राहिली. शेतकरी आणि छोटा कारागीर सावकाराच्या दारात जाऊ नये हा त्यामागचा हेतू. तिथं नफा हा शब्द कुठं मध्यभागी नव्हता.

आता याच शहराची दुसरी गोष्ट बघा. 1943 ला इथंच रत्नाकर बँक निघाली, पण सहकारी म्हणून नाही, कंपनी म्हणून. आपल्या आधीच्या पिढीतल्या कोल्हापूर-सांगलीच्या व्यापाऱ्यांना ती घरची बँक वाटायची. तीच आजची आरबीएल बँक. 2016 ला तिचा आयपीओ आला, म्हणजे शेअर पहिल्यांदा बाजारात विकायला काढले, 225 रुपयाला एक शेअर, मुंबई-दिल्लीच्या आणि परदेशातल्या लोकांनी घेतला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेनं तिच्यातला साधारण 60 टक्के हिस्सा जवळपास 26,850 कोटींना घ्यायचा करार जाहीर केला. रजिस्टर्ड ऑफिस अजून कोल्हापुरात शाहूपुरीलाच. मला यात वाईट काही म्हणायचं नाही, बँक मोठी झाली, हजारोंना नोकऱ्या लागल्या, ज्यांच्याकडं जुने शेअर होते त्यांचं भलं झालं. पण कंपनी बँकेचा नफा कुठं जातो ते यातनं स्वच्छ दिसतं. वर्षानुवर्षं जो नफा साठला तो शेअरच्या किमतीत उतरतो, आणि शेअर ज्याच्या हातात तो त्या साठ्याचा मालक. तो कोल्हापूरचा असू दे नाहीतर दुबईचा.

सहकारी बँकेत असं होतच नाही. तुम्ही 100 रुपयाचा शेअर घेतला आणि तीस वर्षांनी राजीनामा दिला तर तुम्हाला 100 रुपयेच परत मिळतात. मधल्या तीस वर्षांत बँकेकडं राखीव निधीचे कोट्यवधी साठले असतील, त्यातला एक रुपया तुमचा नाही. लोकांना हा अन्याय वाटतो, सभासद माझ्याशी भांडतात यावरनं, पण माझ्या मते सहकाराची खरी ताकद इथंच आहे. तो निधी कुणा एकाचा नाहीच, तो संस्थेचा, म्हणजे आज जे सभासद आहेत त्यांचा आणि उद्या जे होतील त्यांचा. तो कुणी विकू शकत नाही. वर डिव्हिडंडला पण कायद्यानं 15 टक्क्याची मर्यादा, कितीही नफा होऊ दे. आणि मत एका माणसाला एकच, दहा शेअर असू देत नाहीतर दहा हजार. खासगी बँकेत जेवढे शेअर तेवढी मतं (त्याला पण रिझर्व्ह बँकेची वरची मर्यादा आहे), इथं मात्र गुजरीतला सराफ आणि त्याच्या दुकानातला कारागीर दोघंही एकेका मताचे धनी.

तर मग सहकारी बँक नफ्याची का ना-नफा? अमेरिकेत क्रेडिट युनियन म्हणून असतात, सभासदांच्याच मालकीच्या, त्यांना तिथला कायदा सरळ ना-नफा म्हणतो आणि केंद्राचा इन्कम टॅक्स पण लावत नाही. आपल्याकडं तशी पाटी नाही. माझं मत असं की आपली सहकारी बँक नफा कमावते पण नफ्यासाठी निघालेली नाही, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फक्त तो फरक कागदावर आपोआप टिकत नाही, दरवर्षी सभेत कुणीतरी तो विचारून टिकवायला लागतो.

काकांकडं परत येतो, त्यांच्या मनात काय होतं ते मला नीट कळतं, कारण ते गावाकडं दूध घालत असणार. आपल्या दूध संस्थेत काय होतं, वर्षभर तुम्ही दूध घालता, दहा दिवसाला बिल घेता, आणि दिवाळीला दूध फरक मिळतो. ज्यानं जास्त दूध घातलं त्याला जास्त फरक. शेअर किती यावर नाही, व्यवहार किती यावर. संस्थेत जे उरलं ते ज्याच्या दुधातनं उरलं त्यालाच परत. काका म्हणत होते ते हेच, की आम्ही कर्जदार, आमच्या व्याजातनं नफा झाला, मग तो आम्हालाच परत करा. याचा हिशोब पण त्यांच्या बाजूनं आहे. समजा एखाद्यानं 10 लाखाचं तारणी कर्ज घेतलं. नेहमीच्या नियमानं कर्जाच्या अडीच टक्के, म्हणजे 25 हजाराचे शेअर्स कर्जातनं कापून घेतात. बँकेनं 10 टक्के डिव्हिडंड दिला, मिळाले 2,500. त्याऐवजी व्याज नुसतं अर्धा टक्का कमी केलं असतं तर पहिल्या वर्षी 5,000 च्या आसपास वाचले असते. कर्जदार सभासदाला डिव्हिडंडपेक्षा व्याजातली सूट दुप्पट फायद्याची. मग अध्यक्षांच्या भाषणात डिव्हिडंडचाच आकडा एवढा मोठ्यानं का वाचतात?

पण, आणि हा पण फार महत्त्वाचा आहे, दूध संस्थेत आणि बँकेत एक फरक आहे. दूध संस्थेत दूध घालणाराच सभासद आणि दूध घालणाराच मालक. बँकेत पैसा घालणारा वेगळा आणि मत देणारा वेगळा. कर्ज पाहिजे तर सभासद व्हावंच लागतं. ठेव ठेवायला सभासद व्हावं लागत नाही, आणि बहुतेक ठेवीदार होतही नाहीत. रिटायर झालेले गुरुजी, पेन्शनवर असलेल्या आजी, पोरीच्या लग्नासाठी एफडी केलेला हुपरीचा चांदी कारागीर, यांच्या पैशावर बँक उभी असते आणि सभेत यांना बोलायचा हक्क नसतो. सभेत बसलेला बहुतांश कर्जदार. त्यानं हात वर करून नफा शून्यावर येईल इतकं व्याज कमी करायचा ठराव केला तर फायदा त्याचा आणि धोका त्या गुरुजींचा. मला चेअरमनांकडनं हे उत्तर ऐकायचं होतं, की काका, तुमची मागणी रास्त आहे, पण जे लोक या हॉलमध्ये नाहीत त्यांच्या पैशाची पण मला काळजी घ्यायचीय, म्हणून एवढा नफा लागतो, आणि याच्यावर जो जादा आहे त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा.

विकास सोसायटीचं थोडक्यात सांगतो कारण शेतकऱ्यांना तिथं ना-नफा असल्यासारखं वाटतं. केडीसीसी म्हणजे आपली जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक सोसायटीला पैसे देते, सोसायटी सभासदाला पीककर्ज देते, ऊस कारखान्याला गेला की बिलातनं वसुली कापून येते. 3 लाखापर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला शून्य टक्के पडतं. पण ते शून्य म्हणजे कुणी व्याज सोडलं असं नाही. मूळ दर 7 टक्के, त्यातली 3 टक्के सूट केंद्राची आणि बाकीचं राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतनं. व्याज भरलं जातंच, फक्त ते टॅक्स भरणाऱ्यांच्या पैशातनं. आणि मला त्यात काही गैर वाटत नाही, पिकाला भांडवल स्वस्त मिळालंच पाहिजे.

आता वाईट बाजू. सेवेसाठी, सभासदांसाठी, असं म्हणणारी प्रत्येक संस्था चांगली असं कुणी समजू नये. मुंबईची पीएमसी बँक आठवा, सप्टेंबर 2019. कागदावर सहकारी बँक, राज्याबाहेर पण शाखा, नफा पण दाखवत होती. आतनं 70 टक्क्याच्या वर कर्ज एकाच बिल्डर ग्रुपला, आणि ते लपवायला 21,049 खोटी खाती. निर्बंध आले तेव्हा लोकांना पहिल्यांदा फक्त 1,000 रुपये काढायची परवानगी मिळाली. ज्यांच्या आयुष्याची कमाई तिथं होती त्यांचे हाल आपण टीव्हीवर बघितले. मालक नाही, नफ्याची हाव नाही, मग लबाडी कशाला होईल असं वाटतं, पण जिथं निधी कुणा एकाचा नसतो तिथं त्याच्यावर लक्ष ठेवणारा पण कुणी नसतो, हे तिथं झालं. आणि फक्त सहकारातच असं होतं असं पण नाही. आमच्या कोल्हापुरातली सुभद्रा लोकल एरिया बँक ही कंपनी होती, तिचं लायसन्स रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर 2020 ला रद्द केलं.

त्यानंतर नियम कडक झाले. 2020 ला कायदा बदलून अर्बन बँकांवर रिझर्व्ह बँकेची पकड घट्ट केली. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज द्यायला तर 2003 पासनंच बंदी आहे. संचालकाला सलग किती वर्षं खुर्चीवर बसता येईल याला मर्यादा आली, ती आता 10 वर्षं आहे. ठेवीचा विमा 4 फेब्रुवारी 2020 पासनं 1 लाखाचा 5 लाख झाला, आणि निर्बंध आल्यावर 90 दिवसांत विम्याचे पैसे मिळायची तरतूद 2021 ला झाली.

इथं एक गोष्ट ठळक सांगतो, कारण आमच्या ओळखीतल्या एका बाईंचे पैसे यात अडकले. पतसंस्था म्हणजे बँक नाही. रिझर्व्ह बँकेचं लायसन्स नाही, 5 लाखाचा ठेव विमा नाही. ती सहकार खात्याच्या देखरेखीखाली चालते. महाद्वार रोड, राजारामपुरी, गंगावेश, कुठंही जा, पतसंस्थेचा काउंटर बँकेसारखाच दिसतो, पासबुक पण तसंच, पिग्मी गोळा करणारा एजंट रोज दुकानात येतो, ओळखीचा असतो, आणि व्याज एक-दीड टक्का जास्त. त्या बाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. चांगल्या चालणाऱ्या पतसंस्था आपल्याकडं भरपूर आहेत, मी त्यांची पुस्तकं बघितलीत, पण घरातली सगळी पुंजी एकाच ठिकाणी, विम्याशिवाय, असं करू नका, हात जोडून सांगतो.

खासगी बँकांबद्दल जास्त लिहीत नाही, तिथं सगळं उघड आहे. सर्व्हिस फास्ट, ॲप चांगलं, आणि खात्यावर कमी शिल्लक राहिली की दंड. एफडी करायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला विमा पॉलिसी गळ्यात मारायचे प्रकार मात्र सगळीकडं आहेत, सरकारी बँकेत पण आहेत, आणि त्या पोरांवर टार्गेटचं किती दडपण असतं ते मला माहितीय. बचत खात्याला स्टेट बँक सध्या अडीच टक्के देते. मिनिमम बॅलन्सचा दंड तिनं मार्च 2020 ला काढून टाकला हे चांगलं केलं.

मला विचाराल तर बदल छोटेच पाहिजेत पण नेमके पाहिजेत. आज सहकारी बँकेचा अहवाल म्हणजे जाडजूड पुस्तक, पहिल्या पानांवर फोटो, मग मनोगत, आणि नफा वाटणीचा तक्ता कुठंतरी आत, बारीक अक्षरात. तो तक्ता पहिल्या पानावर यावा. शंभर रुपये व्याज आलं त्यातले ठेवीदाराला किती गेले, पगाराला किती, बुडीत कर्जाला किती, राखीव निधीला किती, डिव्हिडंड किती, एवढ्या पाच-सहा ओळी, मराठीत, चौथी शिकलेल्या माणसाला वाचता येतील अशा. दुसरं, भेटवस्तू वाटायची चाल. स्टीलचा डबा किंवा छत्री घ्यायला सभासद रांगेत उभे राहतात आणि सभा सुरू व्हायच्या आत घरी जातात, हे मी डोळ्यानं बघितलंय, आणि तो डबा पण त्याच नफ्यातनं येतो. त्याच्याऐवजी वेळेत हप्ते भरणाऱ्या कर्जदाराला व्याजात छोटी सूट द्या, ठेवीदाराला पाव टक्का जादा द्या, दोघांनाही ते डब्यापेक्षा उपयोगी. तिसरं, ठेवीदारांनी सभासद व्हावं. थोडेसे शेअर्स घेऊन अर्ज करा, त्यांनी टाळाटाळ केली तर लेखी द्या. ज्या बँकेत सभेला ठेवीदार बसतो तिथं कर्जवाटपावर प्रश्न विचारले जातात, हा माझा अनुभव आहे.

सभेत प्रश्न विचारायचा असेल तर आयत्या वेळी उठण्यापेक्षा नोटीस आल्यावर लगेच लेखी देऊन पोच घ्या, नोटिशीतच किती दिवस आधी द्यायचा ते छापलेलं असतं. मी ज्या दोन बँकांचा सभासद आहे तिथं यंदा नफा वाटणीच्या तक्त्याचा विषय लेखी दिलाय. एकीकडनं पोच मिळालीय, दुसरीकडनं अजून नाही, सोमवारी परत जाणार आहे. कुणाला अर्जाचा मसुदा पाहिजे असेल तर सांगा, मी पाठवतो.